व्हाइटची फिरकी: सातारा-सांगलीच्या टेबलांवर

पूलमध्ये स्टिक लागते ती फक्त व्हाइटला. बाकीचे पंधरा बॉल पॉकेटमध्ये जातात ते व्हाइटच्या धक्क्याने, आणि तो धक्का देऊन व्हाइट जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक फटक्यात दोन कामे एकदमच करायची असतात: समोरचा बॉल पॉकेटमध्ये घालायचा आणि व्हाइट पुढच्या बॉलसाठी सोयीच्या जागी आणून ठेवायचा. पहिले काम नेमाचे, दुसरे वेगाचे आणि फिरकीचे. नेम काही महिन्यांत बसतो. फिरकी ताब्यात यायला वर्षे जातात. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या हॉलमध्ये बराच काळ खेळून आणि शिकवून या फिरकीबद्दल जे हाती लागले ते इथे मांडले आहे.

फिरकीचे प्रकार मोजके आहेत. व्हाइटला मध्याच्या वर मारले की टॉप, खाली मारले की स्क्रू, डावी-उजवीकडे मारले की साइड. चौथा प्रकार खरे तर फिरकी नसण्याचा आहे. समोरच्या बॉलला भिडताना व्हाइट कापडावरून नुसता घसरत असेल, पुढे किंवा मागे अजिबात फिरत नसेल, तर तो स्टन. बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. टिपचा स्पर्श मध्यबिंदूपासून साधारण १४ मिलिमीटरपेक्षा बाहेर गेला की टिप निसटते आणि फटका वाया जातो. म्हणजे टॉप, स्क्रू, साइड हे सगळे बॉलच्या मधोमध असलेल्या जेमतेम २८ मिलिमीटरच्या वर्तुळात उरकायचे असते. शिकाऊ खेळाडू या वर्तुळाच्या कडेलाच फिरकी शोधत राहतो. मुरलेला खेळाडू बहुतेक वेळ मध्याच्या आसपास असतो.

ही फिरकी शक्य झाली ती टिपच्या चामड्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या फ्रेंच कप्तानाने बिलियर्डच्या काठीच्या टोकाला चामड्याची चकती बसवली, असे या खेळाचा इतिहास सांगतो. त्याआधी नुसत्या लाकडी टोकाने बॉलला मध्याबाहेर मारले की काठी घसरायची. पुढे १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी आजच्या चॉकचे पेटंट घेतले. या चॉकमध्ये खडू नसतो, सिलिका आणि त्याहून कठीण अशा खनिजाची भुकटी असते. तिच्यामुळे चामडे बॉलला क्षणभर धरून ठेवते. हॉलमधली टिप बहुतेक वेळा चपटी झालेली, कडेला फुगलेली आणि वरून चकचकीत असते. अशा टिपने स्क्रू येत नाही म्हणून स्वतःच्या हाताला दोष देत बसलेली कितीतरी मुले या पट्ट्यात आहेत. टिपला रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळेल इतकी गोलाई हवी. ती खरखरीत कागदाने राखता येते, आणि चॉक दर फटक्याआधी लावायचा असतो, टिप निसटल्यावर नव्हे.

शिकाऊ खेळाडू हॉलमध्ये येतो तो बहुधा कॅरम खेळून. मंडळाचे गणेशोत्सवातले सामने, कॉलेजचा जिमखाना, होस्टेलच्या व्हरांड्यातला बोर्ड यांनी त्याचा नेम तयार केलेला असतो. कट किती पातळ घ्यायचा, बॉलच्या कुठल्या कडेला लागले की तो कुठे जाईल, हे त्याला सांगावे लागत नाही. पण त्याच कॅरमने त्याला एक सवय लावलेली असते. कॅरमचा स्ट्रायकर फटका झाला की हातात परत येतो आणि पुन्हा रेषेवर हवा तिथे ठेवता येतो. पावडर टाकलेल्या बोर्डवर तो गडगडत नाही, घसरतो. फटक्यानंतर स्ट्रायकर कुठे जाऊन थांबला याची पर्वा, तो पॉकेटात गेला नाही एवढ्यापुरतीच करावी लागते. पूलमध्ये मात्र व्हाइट थांबला तिथेच राहतो, आणि त्याने निवडलेली जागा पुढच्या फटक्याला भोगावी लागते.

सांगलीतल्या एका हॉलमध्ये कॅरमच्या स्पर्धा जिंकलेला एक तरुण नियमित येत असे. लांबचे, अवघड बॉल तो सहज घालायचा. तीन-चार बॉल झाले की व्हाइट दुसऱ्या कुणाच्या तरी बॉलमागे जाऊन बसायचा आणि हा ‘आज लागत नाहीत’ म्हणून स्टिक ठेवून द्यायचा. नशिबाचा मामला आहे असे त्याला कितीतरी दिवस मनापासून वाटत होते. त्याला शिकवणाऱ्याने मग एक साधा उपाय केला. वर्तमानपत्राचा हातरुमालाएवढा तुकडा फाडून टेबलावर ठेवायचा. बॉल पॉकेटमध्ये गेला आणि व्हाइट कागदावर थांबला तरच गुण. नुसता बॉल गेला तर शून्य. पहिले काही दिवस त्या तरुणाला हा सराव अपमानास्पद वाटला, कारण बॉल घालूनही त्याचे खाते रिकामेच राहत होते. पण फटका मारण्याआधी व्हाइटच्या मुक्कामाची जागा ठरवायची सवय त्याला तिथेच लागली. कागद टेबलाच्या मध्यावर होता तोवर ठीक चालले. तो कोपऱ्याकडे सरकवल्यावर त्याने स्वतःच विचारले, ‘व्हाइट इथे न्यायचा कसा?’ फिरकीचे शिक्षण सुरू करायचे ते हा प्रश्न आल्यावर. त्याआधी दाखवलेला स्क्रू नुसता तमाशा ठरतो.

सुरुवात मध्यापासून करावी लागते. आपण व्हाइटला मध्यावर मारतो आहोत असे प्रत्येकाला वाटते आणि जवळजवळ कोणीच तसे मारत नसते. हे दाखवायला पट्ट्याचा बॉल उपयोगी पडतो. पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबर घ्यावा, त्याचा पट्टा चाकासारखा उभा ठेवावा आणि त्यालाच व्हाइट मानून समोरच्या कुशनपर्यंत सरळ मारावा. पट्टा न डगमगता फिरत गेला तर स्पर्श डाव्या-उजवीकडे सरकलेला नाही. पट्टा हेलकावे खाऊ लागला की साइड लागली. दुसरी खूण त्याहून बारीक आहे. टिपवर ताजा चॉक लावून मारले की बॉलवर निळा ठिपका उमटतो. बॉल हलका उचलून, ठेवला होता त्याच बाजूने धरून पाहिला की टिप नेमकी कुठे लागली ते दिसते. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा ठिपका बहुधा किंचित एकाच बाजूला पडतो, कारण डोके स्टिकच्या बरोबर वर नसते. डोके बोटभर सरकवले की ठिपका मध्यावर येतो. हे बोटभर सरकणे सुरुवातीला फार विचित्र वाटते, सरळ मारतानाही वाकडे मारतो आहोत असे वाटते. डोळ्यांना ती नवी जागा सवयीची व्हायला काही आठवडे द्यावे लागतात.

मध्य सापडला की स्टन. सरळ रेषेत असलेल्या बॉलला मारल्यावर व्हाइट जागच्या जागी थांबला पाहिजे, एवढेच काम. एक फुटावरून ते लगेच जमते. तीन फुटांवरून त्याच पद्धतीने मारले की व्हाइट बॉलच्या मागे थोडा चालत जातो. सहा फुटांवरून चांगलाच पुढे जातो, कधी त्याच पॉकेटात पडतो. शिकाऊ खेळाडूचा पहिला निष्कर्ष असा असतो की फटका चुकला. फटका तोच असतो, फरक वाटेतल्या कापडाचा. मध्यावर मारलेला व्हाइट आधी घसरतो, मग कापडाच्या घर्षणाने हळूहळू गडगडू लागतो. पूर्ण गडगडू लागेपर्यंत त्याचा वेग मूळ वेगाच्या ५/७ वर आलेला असतो आणि त्याच्यात आपोआप टॉप भरलेला असतो. लांबच्या बॉलवर व्हाइट थांबवायचा तर त्याला खाली मारून थोडी उलटी फिरकी द्यावी लागते. ती वाटेत खर्च होत होत बरोबर बॉलपाशी संपली पाहिजे.

फिरकी वाटेत खर्च होते. हे एकदा ध्यानात आले की पूलचा सगळा खेळ बदलतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि शिकणाऱ्यांमध्ये खरी कलाटणी याच ठिकाणी दिसलेली आहे. त्याच वेगाने, व्हाइटच्या त्याच बिंदूवर मारलेला फटका जवळच्या बॉलवर स्क्रू होतो, मधल्या अंतरावर स्टन होतो आणि लांबच्या बॉलवर चक्क टॉप होतो. म्हणून ‘स्क्रू कसा मारायचा’ या प्रश्नाला अंतर आणि वेग विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तीन अंतरांवर तीन बॉल मांडून तिन्ही ठिकाणी व्हाइट थांबवण्याचा सराव दिसायला अत्यंत रटाळ आहे. हॉलमधली मित्रमंडळी अशा सराव करणाऱ्याकडे दुर्लक्ष करून पलीकडच्या टेबलावर डाव लावतात. पण ज्यांनी तो सराव नेटाने केला त्यांचा खेळ वर्षभरात ओळखू येईनासा झाला. ज्यांनी टाळला ते आजही जवळच्या बॉलवर व्हाइट टेबलभर मागे खेचून टाळ्या घेतात आणि लांबच्या बॉलवर डाव हरतात.

बॉल सरळ नसून कटचा असेल तेव्हा स्टनचा आणखी एक गुण दिसतो. दोन्ही बॉल सारख्या वजनाचे असल्यामुळे फिरकी नसलेला व्हाइट, समोरचा बॉल ज्या दिशेने गेला तिच्याशी काटकोन करून निघतो. साताऱ्यातल्या एका कॉलेजात विज्ञान शाखेला असलेल्या मुलाला हा नियम अकरावी-बारावीच्या टकरींच्या गणितांमुळे आधीच ठाऊक होता. तो वहीत आकृत्या काढून येत असे. टेबलावर मात्र त्याचा व्हाइट त्या काटकोनाच्या रेषेवर कधीच राहत नसे, दर वेळी पुढे झुकायचा. वही बरोबर होती. व्हाइट बॉलपाशी पोहोचेतो गडगडू लागलेला असायचा, एवढीच उणीव होती. गडगडणारा व्हाइट टकरीनंतर क्षणभर काटकोनाच्या रेषेवर जातो आणि मग टॉपमुळे पुढे वळतो. एक चतुर्थांशापासून तीन चतुर्थांश बॉल झाकला जाईल अशा मधल्या कटांमध्ये हे वळण संपल्यावर व्हाइट आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांवर जातो. कट थोडा जाड-पातळ झाला तरी हा आकडा फारसा हलत नाही, आणि म्हणून हळू, गडगडता फटका हा टेबलावरचा सर्वांत भरवशाचा फटका आहे. त्या मुलाने काटकोन आणि ३० अंश या दोन रेषा मनात आखायला सुरुवात केली आणि व्हाइट पॉकेटात पडण्याचे त्याचे प्रमाण झपाट्याने कमी झाले. या दोन रेषांच्या मधली जागा हवी असेल तर अर्धवट टॉप द्यायचा आणि काटकोनाच्या मागची जागा हवी असेल तर स्क्रू. फटका जितका जोरात, तितके वळण उशिरा येते. वाटेत एखादा बॉल आडवा असेल तर त्याला वळसा घालण्यासाठी याच उशिराचा उपयोग होतो.

या वळणाचे गणित १८३५ साली गॅस्पार कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने बिलियर्डवरच्या पुस्तकात मांडले. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांची दिशा वळवणाऱ्या ज्या बलाला त्याचे नाव आहे, तोच हा कोरिओलिस. घसरणारा बॉल परवलयाच्या वाटेने वळतो आणि गडगडू लागला की सरळ जातो, हे त्याने सिद्ध केले. साताऱ्याच्या त्या मुलाला हे कळल्यावर झालेला आनंद पाहण्यासारखा होता. पूल हॉलमधला वेळ वाया जातो असे घरी ऐकून घेणाऱ्या मुलाला भौतिकशास्त्राने दिलेला तो मोठाच आधार होता.

स्क्रूवर बराच वेळ जातो, कारण तो सगळ्यांना सगळ्यात आधी हवा असतो. ‘कापड फाटल्यास भरपाई द्यावी लागेल’ अशी पाटी जवळपास प्रत्येक हॉलमध्ये लावलेली असते. ती स्क्रू शिकणाऱ्यांसाठीच आहे. व्हाइटला खाली मारायचे म्हणून मुले स्टिकचे मागचे टोक उचलतात आणि वरून खाली खुपसतात. व्हाइट उडतो, टिप कापडात घुसते. खाली मारण्यासाठी मागचे टोक उचलायचे नसते. पुढचा हात, ज्याला ब्रिज म्हणतात, तो कापडावर चपटा करायचा असतो, म्हणजे स्टिक जवळजवळ आडवी राहूनच खाली येते. दुसरा दोष मुठीचा. जोर हवा म्हणून स्टिक आवळली जाते, आवळली की फटक्याच्या क्षणी टिप वर उचलली जाते, आणि ज्याला मुलगा स्क्रू समजतो तो फटका प्रत्यक्षात मध्यावर बसतो. स्टिक बोटांत सैल धरून, व्हाइटच्या जागेतून ती पुढे हातभर सरळ जाऊ दिली की कमी जोरातही व्हाइट मागे येतो. हा अनुभव आला की मुलांच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास दिसतो. इतके दिवस ताकद लावून जे आले नाही ते हात ढिला सोडल्यावर आले, हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

पण प्रत्येकाची धरण्याची पद्धत पुस्तकाप्रमाणे करायचा हट्टही कामाचा नाही. या बाबतीत सांगली जिल्ह्याकडे एक जुने उदाहरण आहे, तेही फिरकीच्या एका मोठ्या उस्तादाचे. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट जत संस्थानच्या राजांकडे क्रिकेटचा प्रशिक्षक म्हणून राहिला होता आणि १९१५ साली सांगलीत जन्मलेले विजय हजारे त्याच्याकडे शिकले. हजारे यांची बॅट धरण्याची तऱ्हा रूढ पद्धतीत बसणारी नव्हती, आणि ग्रिमेटने ती बदलायला लावली नाही, असे सांगतात. पुढे हजारे भारताचे कर्णधार झाले. पूल शिकवणाऱ्यानेही टिप कुठे लागते आणि स्टिक सरळ जाते का एवढेच पाहावे. अंगठा कसा आहे, कोपर किती बाहेर आहे, याचा फटक्यावर परिणाम होत नसेल तर त्याला हात लावू नये. मिरजेतल्या एका मुलाचा ब्रिज अगदी ओबडधोबड होता. तो सुधारण्याच्या नादात त्याचा स्टनही गेला, आणि जुना ब्रिज परत घेतल्यावरच गाडी रुळावर आली.

साइड शेवटी शिकवावी. याचे कारण सोपे आहे. टॉप आणि स्क्रू व्हाइटच्या वाटेच्या रेषेतच राहतात, साइड नेमालाच हात घालते. व्हाइटला उजवीकडे मारले की तो निघतानाच किंचित डावीकडे सरकून निघतो. स्टिक कुशनवरून थोडी तरी उतरती असतेच, त्यामुळे पुढे तो हळूच उजवीकडे वळतो. समोरच्या बॉलला लागला की उजवी फिरकी त्या बॉलला डावीकडे ढकलते. तिन्ही गोष्टी एकाच फटक्यात होतात. जवळच्या, हळू फटक्यात त्यातली एक वरचढ ठरते, लांबच्या जोरदार फटक्यात दुसरी. नेम लागत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या खेळाडूची पहिली तपासणी म्हणून त्याला साइड पूर्ण बंद करायला सांगितले, की निम्म्याहून अधिक वेळा तक्रार तिथेच मिटते.

साताऱ्यातल्या एका हॉलमध्ये दुकान बंद करून रात्री येणारे एक काका होते. साइड त्यांनी जन्मात वापरली नव्हती. बॉल घातला की व्हाइट कुठे जाईल हे ते पॉकेटची निवड, जोर आणि थोडा टॉप किंवा स्क्रू एवढ्यावरच ठरवायचे. कॉलेजची मुले त्यांना जुन्या वळणाचे समजत आणि त्यांच्याकडून नियमाने हरत. त्यांच्याबरोबर खेळून एक गोष्ट पक्की समजली. साइडची खरी गरज पडते ती व्हाइट कुशनला लागणार असेल तेव्हा. टॉप आणि स्क्रू कापड लवकर खाऊन टाकते. साइड मात्र बॉल जागच्या जागी भिंगरीसारखा फिरावा तशी असते, तिला कापडाचा अडसर कमी होतो आणि ती कुशनपर्यंत बऱ्यापैकी शाबूत पोहोचते. तिथे ती कोन रुंद करते किंवा आखूड करते. व्हाइट ज्या बाजूला चालला आहे त्याच बाजूची साइड असेल तर तो कुशनवरून लांब आणि जिवंतपणे सुटतो, उलट असेल तर अडखळतो. कुशन मध्ये येणार नसेल तर साइड लावून फायदा काहीच नाही, बॉल चुकण्याचा धोका मात्र पुरेपूर.

इथवरचे शिकणे टेबल एकसारखे आहे असे धरून झाले. सातारा-सांगलीत ते तसे नसते. साताऱ्याच्या पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. कापड ओल धरते, व्हाइट लवकर गडगडू लागतो, लांबचा स्क्रू बॉलपर्यंत पोहोचण्याआधीच मरतो, कुशनवरून कोन आखूड येतात. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये कापड कोरडे, बॉल घसरत राहतात आणि तोच फटका व्हाइटला दीड फूट जास्त मागे आणतो. नवे कापड घातल्यावरही असेच होते. चॉकची धूळ आणि हाताचा घाम बसलेले बॉल एकमेकांना क्षणभर चिकटल्यासारखे होतात, आणि पातळ कट जाड होऊन चुकतो. बॉल नियमित धुऊन पुसणे हा हॉलमालकाच्या दृष्टीने किरकोळ खर्च आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने बॉल घाण असणे म्हणजे चुकीचा धडा पक्का होणे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या आसपास गेले आणि शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. अशा पाण्यात तळमजल्यावरचे पूल टेबल सापडले की त्याची दगडी फरशी टिकते, पण कापड कुजते, कुशनचा रबर सुटतो, लाकडी सांगाडा फुगतो. सांगाडा वाळला की टेबलाची पातळी बिघडलेली असते. नवे कापड चढवलेले, दिसायला कोरे करकरीत असे टेबल व्हाइटला शेवटच्या दोन फुटांत एकाच बाजूला ओढू लागते. त्या टेबलावर शिकणारी मुले हा उतार म्हणजे आपल्या हाताची साइड समजून, ती घालवण्यासाठी उलटी साइड लावायला शिकतात. ही सवय मोडायला नंतर फार त्रास होतो. टेबलाच्या चारही बाजूंकडून एक-एक बॉल अगदी हळू सोडून पाहायचा. सगळीकडून तो टेबलाच्या एकाच कडेकडे झुकत असेल तर दोष फरशीचा, आणि पातळी लावणाऱ्या कारागिराला बोलवायचे.

शिकण्याच्या जागेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. बिलियर्ड आणि स्नूकर भारतात आले ते छावण्यांमधून आणि साहेबांच्या क्लबांतून. स्नूकरचा जन्मच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्याला हौशी बिलियर्डचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. क्लबांत मार्कर नावाचा नोकर गुण मोजायचा, कापड घासायचा, टिप बसवायचा आणि सभासदांना खेळही शिकवायचा. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात पूल आला तो मात्र तासावर टेबल भाड्याने देणाऱ्या हॉलमधून, आणि मार्कर त्याच्याबरोबर आला नाही. इथे टेबल आहे, शिकवणारा नाही. मुले एकमेकांचे बघून शिकतात, त्यातही जे डोळ्यांत भरते ते आधी उचलतात. घरच्यांच्या लेखी हॉल म्हणजे टवाळांचा अड्डा. पैजा, धूर आणि शिव्या जिथे चालतात तिथे ही समजूत चुकीची म्हणता येत नाही. पण जिथे मालकाने धूम्रपान बंद केले, सकाळचा वेळ सरावासाठी स्वस्त ठेवला, तिथे वातावरण बदललेले पाहिले आहे. सांगलीत अशा एका हॉलमध्ये वडील आपल्या मुलीला सकाळी घेऊन येत आणि तास होईपर्यंत बाकावर पेपर वाचत बसत. तिला कॅरमची सवय नव्हती, त्यामुळे मोडायच्या सवयीही नव्हत्या. तिने पहिल्या दिवसापासून व्हाइटकडे पाहिले, आणि तिचा स्टन तिच्याहून किती तरी आधी सुरुवात केलेल्या मुलांपेक्षा लवकर पक्का झाला.

या पट्ट्यातले खेळाडू स्पर्धेसाठी पुण्याला गेले की पहिल्या सामन्यात हमखास गोंधळतात. तिथली कापडे नवी आणि वेगवान, कुशन जिवंत, बॉल स्वच्छ. गावाकडे व्हाइट फूटभर मागे आणणारा फटका तिथे तीन फूट मागे आणतो. गावात ताकदीने मिळवलेली फिरकी तिथे फुकट मिळते आणि तीच घात करते. हरून आलेल्यांपैकी काहींनी टेबलांना दोष दिला. ज्यांनी पुढच्या वेळी नीट तयारी केली त्यांनी सामन्याआधी मिळणाऱ्या सरावाच्या मिनिटांत बॉल घालणे सोडून दिले. सहा फुटांवरून एक स्टन मारायचा आणि व्हाइट पुढे गेला की मागे आला ते पाहायचे, म्हणजे कापड कळते. एक बॉल साइड न लावता तिरका कुशनवर सोडून परतीचा कोन पाहायचा, मग तोच साइड लावून. शेवटी लॅगचा फटका दोन-तीनदा, म्हणजे समोरच्या कुशनला लावून आपल्या कुशनपाशी परत आणायचा, अगदी मध्यावर मारून. ब्रेक कोणाला मिळणार हे लॅगवरच ठरते, आणि त्या दिवशीच्या टेबलाचा वेगही हातात त्याच फटक्याने बसतो.